डॉक्टरच्या हातातला दगड

७ डिसेंबर १९६३ला बीबीसीवर एका नव्या मालिकेचा तिसरा भाग लागला. अश्मयुगातलं जंगल. एक गुहामानव जखमी होऊन पडलाय आणि त्याच्या टोळीपासून पळणारी चार माणसं त्याच्यापाशी अडकलीत. चौघांतले दोघं शाळामास्तर; ती दोघं जखम धुताहेत, पट्टी बांधताहेत. मागे एक पांढऱ्या केसांचा म्हातारा अस्वस्थपणे उभा आहे. तो इकडेतिकडे बघतो, हळूच वाकतो आणि एक टोकदार दगड उचलतो. मास्तर झटकन त्याचं मनगट धरतो. काय चाललंय तुमचं? म्हातारा सावरून घेतो: काही नाही, याला जमिनीवर वाटेचा नकाशा काढायला सांगणार होतो.

कुणाचाही त्यावर विश्वास बसत नाही. आणि हा म्हातारा म्हणजे मालिकेचा नायक. डॉक्टर.

'डॉक्टर हू'चा विषय निघाला आणि कुणी 'पूर्वीचा डॉक्टर राहिला नाही, फार हळवा करून टाकलाय' असं म्हणालं, की मी ही एक मिनिटाची क्लिप दाखवते. पूर्वीचा म्हणजे कुठला, ते आधी ठरवा.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डॉक्टर हा परग्रहावरचा प्राणी, दिसायला माणसासारखा, पण हृदयं दोन. पोलिसांच्या जुन्या निळ्या टेलिफोन खोक्यासारख्या दिसणाऱ्या, आतून प्रचंड मोठ्या यानातून तो काळात आणि अवकाशात भटकतो. यानाचं नाव टार्डिस. बरोबर एखाद-दोन साधी माणसं असतात. मरायला टेकला की त्याचा कायापालट होतो: नवा चेहरा, नवं वय, नवा स्वभाव, आठवणी मात्र जुन्याच. नट बदलणं आपल्याला नवं नाही. 'नटसम्राट' डॉ. लागूंनी केलं, पुढे दत्ता भटांनी केलं. पण अप्पा बेलवलकर तेच राहिले, स्वगतंही तीच. इथे नटाबरोबर अख्खा माणूसच बदलतो, आणि बदलला हे कथेतल्या बाकीच्यांनाही कळतं.

ही युक्ती सुचली ती नाइलाजातून. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल १९६६पर्यंत आजारी पडायला लागला होता, संवाद विसरायचा. मालिका तर जोरात. तेव्हा ऑक्टोबर १९६६मध्ये डॉक्टर टार्डिसच्या जमिनीवर कोसळला आणि उठला तो पॅट्रिक ट्राउटन होऊन. तो अख्खा भाग आज कुणाकडेच नाही. बीबीसीने साठच्या दशकातल्या टेपा पुसून टाकल्या. नव्वदहून जास्त भाग गेले. कायापालटाचे ते काही सेकंद वाचले, कारण 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात ते तुकडे दाखवले गेले होते. (२०१३ साली नायजेरियातल्या जोस गावी, एका टीव्ही केंद्राच्या खोलीत ट्राउटनचे हरवलेले नऊ भाग सापडले. तेव्हा इथे दिवाळी असल्यासारखी माणसं वागली.)

इथे म्हणजे कार्डिफला. मी मूळची मिरजेची. या गावात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. २००५ साली मालिका परत सुरू झाली ती बीबीसी वेल्सने केली आणि तेव्हापासून तिचं बिऱ्हाड कार्डिफातच आहे. परतीच्या पहिल्या भागात दुकानातले प्लॅस्टिकचे पुतळे जिवंत होऊन लोकांवर गोळ्या झाडतात. लंडन म्हणून दाखवलेलं ते शॉपिंग सेंटर म्हणजे आमचं क्वीन्स आर्केड. लेकीचे शाळेचे बूट घ्यायला तिथे गेले की मी अजूनही पुतळ्यांकडे पाठ करून उभी राहत नाही.

लॅबमध्ये शेजारच्या बाकावर एक रिटायरमेंटला आलेला वेल्श सहकारी बसतो. हा माणूस म्हणजे या विषयातला माझा गुरू आणि माझा कायमचा प्रतिपक्ष. ब्रिटनमध्ये एकमेकांना 'तुझा डॉक्टर कोण?' असं विचारतात. लहानपणी जो पाहिला तो आपला. त्यावरून वयही कळतं. याचा डॉक्टर टॉम बेकर: कुरळे केस, मोठे डोळे, जमिनीवर लोळणारा मफलर. माझं लहानपण मिरजेत गेलं, तिथे डॉक्टर म्हणजे सिव्हिलमधला. मी सगळे डॉक्टर मोठेपणी, उलटेसुलटे पाहिले. त्यामुळे मला कुणाचाच पक्ष घ्यावा लागत नाही, आणि चेहऱ्यांपेक्षा वेगळंच काहीतरी दिसत राहतं. समोर कुणीतरी मरणार आहे आणि डॉक्टरला ते थांबवता येण्यासारखं आहे: अशा वेळी तो काय करतो? साठ वर्षांत या एका प्रश्नाचं उत्तर जेवढ्या वेळा बदललंय तेवढ्या वेळा तर चेहराही बदललेला नाही.

हार्टनेलच्या डॉक्टरला वाचवण्यात रसच नव्हता. दोन्ही मास्तरांना त्याने चक्क पळवून आणलेलं होतं, का तर त्यांनी त्याचं यान पाहिलं. दुसऱ्याच कथेत एका ओसाड ग्रहावरचं शहर बघायची त्याला हुक्की येते. बाकीचे म्हणतात निघूया, तर हा यानाचा एक भाग मुद्दाम बिघडवतो आणि पारा संपलाय, शहरात मिळेल, अशी थाप मारतो. त्या शहरात निघतात डालेक, धातूच्या कवचातले, दुसऱ्या सगळ्यांना संपवायला निघालेले जीव. म्हणजे टीव्हीच्या इतिहासातले सगळ्यांत प्रसिद्ध खलनायक भेटले ते या गृहस्थाच्या खोटेपणामुळे.

पुढे १९६४मध्ये 'द अ‍ॅझटेक्स' या कथेत त्या दोन मास्तरांपैकी एक, इतिहासाची शिक्षिका बार्बरा, मेक्सिकोत पोचते. तिथे तिला देवी मानतात, आणि ती ठरवते की नरबळी बंद करायचे. डॉक्टर तिच्यावर ओरडतो: इतिहास बदलता येणार नाही, एक ओळसुद्धा नाही! ती ऐकत नाही, जिवाच्या आकांताने प्रयत्न करते आणि हरते. गंमत म्हणजे त्या काळात नैतिक जबाबदारी होती ती माणसांकडे. डॉक्टरला माणुसकी शिकवली शाळामास्तरांनी. पुढचे सगळे लेखक हे विसरतात आणि डॉक्टरच माणसांना शिकवत सुटतो.

ट्राउटनचा डॉक्टर पाहिला तर वाटतं हा दुसराच कुणी. ढगळ कोट, हातात बासरीसारखं रेकॉर्डर, चेहरा विदूषकाचा. पण १९६७मध्ये चंद्रावरच्या एका कथेत तो शांतपणे म्हणतो की विश्वाच्या काही कोपऱ्यांत भयंकर गोष्टी पैदा झाल्यात आणि त्यांच्याशी लढलंच पाहिजे. दगड उचलणाऱ्या म्हाताऱ्याने हे वाक्य उच्चारलं नसतं. १९६९मध्ये याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला भरला जातो. त्याचे जातभाई, टाइम लॉर्ड, यांचं धोरण असं की आपण बघायचं, मध्ये पडायचं नाही. डॉक्टर कबूल करतो की हो, मी मध्ये पडलो, आणि त्याचा मला अभिमान आहे. शिक्षा: चेहरा बदलायचा आणि पृथ्वीवर हद्दपार.

हद्दपारीचं एक कारण बजेट. १९७०पासून मालिका रंगीत झाली आणि दर आठवड्याला नवा ग्रह उभारणं परवडेना. जॉन पर्टवीचा डॉक्टर म्हणून मग मखमली जाकीट घालून, पिवळी जुनी मोटार उडवत, लष्कराचा शास्त्रीय सल्लागार झाला. रुबाबदार माणूस, मला फारसा आवडत नाही. पण त्याची दुसरी कथा विसरता येत नाही. माणसांच्या आधी पृथ्वीवर राहणारे सरपटणारे जीव जमिनीखाली झोपलेत. जमीन त्यांचीही आहे, हे तो दोन्ही बाजूंना पटवायला बघतो. शेवटी त्याचा मित्र ब्रिगेडियर त्यांचा तळ सुरुंग लावून उडवून देतो आणि डॉक्टर लांबून तो स्फोट बघत राहतो. म्हणजे तत्त्व आहे, सत्ता नाही. सल्लागारांचं असंच असतं.

आता गुरूचा टॉम बेकर. १९७५, 'जेनेसिस ऑफ द डालेक्स'. टाइम लॉर्डांनी त्याला डालेक जन्मायच्या आधीच्या काळात पाठवलंय, कारण आता त्यांनाच मध्ये पडायचं आहे. ज्या खोलीत डालेकांचे गर्भ वाढताहेत तिथे त्याने स्फोटकं लावलीत. हातात वायरची दोन उघडी टोकं. एकमेकांना लावली की संपलं, पुढचे कोट्यवधी जीव वाचले. आणि तो थांबतो. त्याची सोबतीण साराह जेन म्हणते, लाव ना! तो विचारतो: एखादं मूल दाखवून कुणी सांगितलं की हे मोठं होऊन क्रूर हुकूमशहा होणार आहे, तर तू त्या मुलाला मारशील? मला हा अधिकार आहे का?

माझा सहकारी या प्रसंगावर इतकं बोलतो की सेंट्रिफ्यूज थांबून किती वेळ झाला ते त्याला कळत नाही. त्याच्या मते डॉक्टर इथे पूर्ण झाला. पुढचं सगळं पाणी घातलेलं. पण तो एक गोष्ट सांगायची टाळतो. शेवटच्या भागात डॉक्टर त्याच खोलीत परत जातो, यावेळी वायर जोडायच्याच इराद्याने. धावपळीत टोकं हातातून सुटतात आणि एक डालेक त्यांवरून सरकत जातो. त्याच्याच धातूच्या अंगाने सर्किट पूर्ण होऊन स्फोट होतो. म्हणजे एवढा मोठा नैतिक प्रश्न विचारला आणि उत्तर देण्याची वेळ आल्यावर लेखकाने अपघात घडवून आणला. प्रश्न मोठा आहे हे मान्य. उत्तर नाही.

पीटर डेव्हिसन (क्रिकेटचा पांढरा पोशाख, कोटाला सेलरीची काडी) याला एक तरुण सोबती वाचवता येत नाही आणि त्या भागाची श्रेयनामावली संगीताशिवाय सरकते. तो स्वतः १९८४मध्ये मरतो ते एका ओळखीच्याही न झालेल्या मुलीला औषध मिळावं म्हणून. एकाच माणसाला पुरेल एवढीच मात्रा असेल तर ती तिला. पुढचा कॉलिन बेकर. रंगीबेरंगी ठिगळांचा कोट. आल्या आल्या त्याच मुलीचा गळा दाबतो. कायापालटानंतर डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणे. नट बिचारा चांगला, पण त्याला हे असलं करायला लावलं. वर्षभरात मालिका दीर्घ सुट्टीवर गेली.

सिल्व्हेस्टर मॅकॉयवर मी जरा थांबणार आहे, कारण त्याला कुणी विचारत नाही. १९८८ची कथा, घडते १९६३च्या लंडनमध्ये, त्याच शाळेच्या आवारात जिथले मास्तर पळवले होते. मध्यरात्री डॉक्टर एका कॅफेत एकटाच बसलाय. समोर जमैकाचा एक माणूस चहा देतो. साखर हवी का? डॉक्टर म्हणतो, हा निर्णय अवघड आहे. साखर घातली तर काय फरक पडेल? तो माणूस सांगतो, माझे वडील ऊसतोड करायचे. लोकांनी साखर खाल्लीच नसती तर माझ्या पणजोबांना पकडून, साखळ्या घालून, किंग्स्टनला विकलंच नसतं. मी आज आफ्रिकेत असतो. मग दोघं थोडा वेळ चहाच्या कपाकडे बघतात. आमच्या सांगली-मिरजेकडे दर हिवाळ्यात बीडहून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गाळपाच्या दिवसांत मळीचा तो वास सगळ्या गावावर असतो. त्यामुळे हा प्रसंग मला कुठल्याही अंतराळयुद्धापेक्षा जास्त जवळून लागला. मुलांच्या मालिकेत, शनिवार-रविवारचा स्लॉटही नाही, कमी झालेले प्रेक्षक, आणि तिथे कुणीतरी साखरेवर हे लिहून गेलंय.

आणि मग तोच डॉक्टर सकाळी उठून डालेकांना अशा सापळ्यात अडकवतो की ते स्वतःच्या हाताने स्वतःचा ग्रह जाळतात. वायर न जोडणारा तेरा वर्षांत इथवर आला. पुढच्याच वर्षी, १९८९मध्ये, मालिका बंद.

२००५मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी ती परत आणली आणि मधल्या पोकळीचाच उपयोग केला. दरम्यान एक महायुद्ध झालं, टाइम लॉर्ड आणि डालेक दोन्ही संपले, आणि ते संपवलं डॉक्टरने. ख्रिस्तोफर एक्लस्टन: बारीक कापलेले केस, काळं लेदर जाकीट, इंग्लंडच्या उत्तरेची बोली. आधीचे विक्षिप्त काका होते. हा युद्धावरून परतलेला माणूस होता. म्हणून १९४१च्या बॉम्बहल्ल्यातल्या लंडनमध्ये, एकदाच, सगळं नीट जुळून येतं तेव्हा तो ओरडून सांगतो की आज सगळे जगले! एक्लस्टनच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघवत नाही, इतका तो भुकेला आहे. एका वर्षात तो गेलाही.

डेव्हिड टेनंटबद्दल सगळ्या जगाने लिहिलंय, मी थोडकंच लिहिते. २००८मध्ये तो पॉम्पेईत आहे, ज्वालामुखी फुटायच्या आदल्या दिवशी. इतिहासाची एक ओळही न बदलण्याचा जुना नियम. सोबतची डॉना, ऑफिसात टेंपररी नोकऱ्या करणारी, तोंडाळ बाई, रडत म्हणते: सगळं गाव नको, कुणीतरी एक तरी वाचव. तो परत फिरतो आणि एका कुटुंबाला घेऊन जातो. त्या कुटुंबातल्या बापाचं काम केलं होतं पीटर कापाल्डीने, जो २०१३च्या शेवटी स्वतः बारावा डॉक्टर झाला. आणि दोन वर्षांनी मालिकेनेच त्याचा हिशोब लावला: हाच चेहरा का निवडला? तर आपण माणसं वाचवतो याची स्वतःला आठवण राहावी म्हणून. योगायोगाची इतकी सुंदर शिलाई मी दुसरीकडे पाहिलेली नाही. कापाल्डी हा माझा डॉक्टर, असं नाइलाजाने सांगायचंच झालं तर. किशोरवयात या मालिकेबद्दल मासिकांना पत्रं लिहिणारा पोरगा, पंचावन्नाव्या वर्षी टार्डिसमध्ये.

आणि मग १६ जुलै २०१७, विम्बल्डनची पुरुषांची फायनल संपल्या संपल्या जाहीर झालं की पुढची डॉक्टर बाई आहे. जोडी व्हिटाकर. लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी काय झालं असेल याची कल्पना करा. माझा सहकारी, त्याला श्रेय द्यायला हवं, बाई असण्यावर काही बोलला नाही. तो म्हणाला, लिहिणारा कोण आहे ते बघू.

ते खरं ठरलं. व्हिटाकर उत्तम आणि तिच्या वाट्याला आलेलं लेखन बेभरवशाचं. टॉम बेकरच्या डॉक्टरने १९७७मध्ये प्लूटोवर करांनी पिळून काढणाऱ्या एका कंपनीविरुद्ध कामगारांचं बंड घडवलं होतं. व्हिटाकरची डॉक्टर नोव्हेंबर २०१८मध्ये एका अवाढव्य ऑनलाइन गोदामात जाते, तिथे कामगार यंत्रासारखे राबवले जाताहेत, आणि शेवटी तिचं म्हणणं असं की व्यवस्था वाईट नसते, तिचा वापर करणारे वाईट असतात. मी टीव्हीसमोर बसून मोठ्याने 'अहो बाई!' म्हणाले.

पण त्याच्या आदल्या रविवारचा भाग. ११ नोव्हेंबर २०१८, पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीची शंभरी. इथे सगळ्यांच्या कोटाला पॉपीची लाल फुलं. सासूबाई तेव्हा कोल्हापूरहून आमच्याकडे आल्या होत्या. 'डीमन्स ऑफ द पंजाब', लेखक विनय पटेल. डॉक्टरची सोबतीण यास्मिन खान, शेफिल्डची पोलीस, आपल्या नानीच्या फुटक्या घड्याळाचं रहस्य शोधायला ऑगस्ट १९४७मध्ये जाते. तिथे नानी उंबरीनचं लग्न आहे, प्रेम नावाच्या हिंदू शेतकऱ्याशी, जो तिचा नाना नाही. रॅडक्लिफची रेघ दोघांच्या जमिनींमधून जाते. प्रेम ब्रिटिश फौजेकडून लढून परत आलेला; धाकटा भाऊ मनीष रेडिओ ऐकून ऐकून बिथरलेला. परग्रहावरचे भयानक दिसणारे जीव हजर आहेत, पण ते मारायला आलेले नाहीत. एकाकी मरणाऱ्यांच्या शेवटच्या क्षणी साक्षीला उभं राहायचं, एवढंच त्यांचं व्रत. मारणारे घोड्यावरून येतात, शेजारगावचेच आहेत.

डॉक्टर स्वतः ते लग्न लावते. आणि दुसऱ्या बाजूने घोडेस्वार येताना दिसल्यावर, प्रेम वाचला तर यास्मिन जन्मालाच येणार नाही हे माहीत असल्यामुळे, ती सोबत्यांना घेऊन पाठ फिरवून चालू लागते. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवर. मागून गोळीचा आवाज. शेवटची धूनही त्या दिवशी वेगळी, हिंदुस्थानी सुरावटीत बांधलेली.

सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, एवढी विश्वभर फिरतीय म्हणतेस, आणि हितं नुसती चालत गेली? मग हिचा उपयोग काय?"

"आई, तिला थांबवता येत नव्हतं," मी म्हटलं.

"थांबवता येत नव्हतं म्हणून पाठ फिरवायची? ती राक्षसासारखी दोघं तरी थांबली बघ त्याच्याजवळ."

फाळणीशी आमच्या घराचा संबंध आला तो एवढाच की सासूबाईंच्या लग्नाच्या साड्या गांधीनगरच्या बाजारातून घेतलेल्या. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं. सासूबाई सांगत होत्या की दुकानात गल्ल्यावर एक म्हातारे बसायचे, ते कधीच कुणाशी बोलायचे नाहीत, फक्त कापड मोजताना ओठ हलायचे.

सासूबाईंचा प्रश्न मी लॅबमध्ये जसाच्या तसा सांगितला. सहकारी म्हणाला, बरोबर आहे त्यांचं, माझ्या डॉक्टरने काहीतरी केलं असतं. माझं मत वेगळं आहे. १९६४च्या 'एक ओळसुद्धा नाही'मध्ये आणि २०१८च्या त्या पाठमोऱ्या चालण्यात नियम तोच आहे, पण हार्टनेलला मरणारे अ‍ॅझटेक दिसतच नव्हते. तो नियम सांगत होता. ही बाई प्रेमला नावाने ओळखते, त्याच्या अंगणात जेवलीय. आणि विनय पटेलांनी एक फार प्रामाणिक गोष्ट केली: निळ्या खोक्यातून इंग्लंडहून कुणीतरी येऊन पंजाब वाचवून गेलं, अशी गोष्ट त्यांनी लिहिली नाही. ती किती सोपी होती!

इथे मला वारिस हुसेन आठवतात. १९६३चा तो दगडाचा प्रसंग, खरं तर पहिली अख्खी कथा, दिग्दर्शित केली ती त्यांनी. जन्म लखनौचा, आई लेखिका अतिया हुसेन. फाळणीच्या आदल्या वर्षी कुटुंब इंग्लंडला आलं आणि मागे देशच दोन झाले. पंचविशीचा तो पोरगा आणि निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, बीबीसीच्या पुरुषी कारभारात दोघंही उपरे. त्यांनी घर नसलेल्या, देश सोडून आलेल्या एका म्हाताऱ्याची आणि त्याच्या नातीची गोष्ट सुरू केली. त्या मालिकेला फाळणीपर्यंत पोचायला पंचावन्न वर्षं लागली.

शेवटचा बदल शूटी गाट्वाचा. जन्म रवांडाचा, वाढला स्कॉटलंडमध्ये. पहिला कृष्णवर्णीय नट ज्याने ही भूमिका मुख्य डॉक्टर म्हणून केली. तो नाचतो, मिठ्या मारतो आणि जवळजवळ प्रत्येक भागात रडतो. रडण्याबद्दल मी आणि माझा सहकारी एकदाचे सहमत आहोत: जरा जास्तच. पण जून २०२४चा 'डॉट अँड बबल' त्याला अपवाद. फाइनटाइम नावाचं श्रीमंत तरुणांचं शहर, प्रत्येकाच्या डोक्याभोवती स्क्रीनचा फुगा, आणि राक्षसी गोगलगाई त्यांना एकेक करून गिळताहेत. डॉक्टर स्क्रीनवरून त्यांना बाहेरची वाट दाखवत राहतो. शेवटी वाचलेले काही जण नदीकाठी भेटतात. बाहेरच्या जंगलात ते दोन दिवस टिकणार नाहीत. तो म्हणतो, माझ्या यानात चला. ते नाक मुरडतात. तू आमच्यातला नाहीस. आणि तेव्हा बघणाऱ्याच्या लक्षात येतं की इतका वेळ त्या शहरात एकही माणूस गोरा सोडून दुसऱ्या रंगाचा नव्हता. माझ्या लेकीच्या दहा मिनिटं आधीच लक्षात आलं होतं. तिला शाळेत सराव आहे.

तो त्यांना सांगतो: काय वाटेल ते म्हणा मला, फक्त वाचवू द्या. ते बोटीत बसून निघून जातात. मग तो हसतो, किंचाळतो, आणि हो, रडतो.

दगड, वायर, पॉम्पेई, हे सगळे प्रश्न डॉक्टरच्या हातात होते: करू की नको. इथे तो करायला तयार आहे आणि समोरचेच नको म्हणतात. आधीच्या कुठल्याही चेहऱ्यावर ही वेळ या कारणाने आली नसती. माझा सहकारी म्हणाला, टॉम बेकरला त्यांनी घेतलं असतं बोटीत. मग जरा थांबून म्हणाला, आणि तो गेला नसता. हे मला पटलं.

मे २०२५च्या शेवटी गाट्वाही गेला आणि कायापालटातून बाहेर आली बिली पायपर, जी २००५मध्ये डॉक्टरची सोबतीण रोझ होती. ती डॉक्टर आहे की आणखी कुणी, हे तेव्हा कुणीच स्पष्ट केलं नाही. मालिका ब्रिटनबाहेर दाखवणाऱ्या डिस्नेबरोबरचा करार संपला. बीबीसीने ऑक्टोबर २०२५मध्ये २०२६च्या ख्रिसमससाठी एक भाग जाहीर केला, तो डेव्हिसच लिहिणार असं सांगून.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी कृपा करून १९६३पासून क्रमाने बघू नका, महिन्याभरात सोडून द्याल. एक्लस्टनची ती बॉम्बहल्ल्यातली दोन भागांची कथा आधी, मग पॉम्पेई, मग पंजाब. ते पचलं तर 'जेनेसिस', सहा भाग आहेत, मधले दोन ढिले आहेत, पळवलेत तरी चालतील. साखरेचा चहा मात्र पळवू नका. आणि ठिगळांच्या कोटवाल्याची पहिली कथा अगदी शेवटी ठेवा. तोवर कंटाळलात तर फारच उत्तम.